बत्तीस आकडे गेले कुठे?

१

रेवतीनं तिसऱ्यांदा तेच दाबलं. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश. फोनवर पांढरी चौकट उघडली. आत आयएमईआयचे दोन नंबर, एकाखाली एक. त्याखाली कोरं.

"ईआयडी दिसतोय का?" लॅपटॉपमधून अनिरुद्धनं विचारलं. तो चार महिन्यांपासून जपानात होता, कंपनीच्या कामावर. येत्या शुक्रवारी रेवती एकोणीस महिन्यांच्या अनुश्रीला घेऊन त्याच्याकडे निघणार होती.

"नाही."

"नीट बघ. बत्तीस आकडे असतात. एकोणनव्वदनं सुरू होतात."

"अरे, बत्तीसपर्यंत मोजता येतं मला. नाहीच आहे, तर मोजू काय?"

रेवतीनं वहीत प्रवासाची यादी केली होती. त्रेचाळीस कलमं. तापाचं औषध, अनूच्या दोन वाट्या, थर्मामीटर, जादा थर्मामीटर. सातवं कलम होतं, 'ई-सिम'. कार्ड घालायची भानगड नाही, सिम फोनच्या आतच असतं, निघण्याआधी घरी बसून चालू करून घ्यायचं. परक्या देशात कडेवर लेकरू घेऊन उतरायचं आणि फोन मुका, हे तिला नको होतं. पण फोनला ई-सिम चालतं की नाही, म्हणजे त्याला ईआयडी नंबर आहे की नाही, ते आधी बघायला हवं होतं.

"असं कसं होईल?" अनिरुद्ध म्हणाला. "माझ्या फोनवर इथे ई-सिमच चालू आहे. आपले दोन्ही फोन एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतले, एकाच मॉडेलचे. खोका काढ बरं."

खोका माळ्यावर होता. रेवतीनं स्टुलावर चढून काढला, धूळ फुंकली. मागच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत सगळं छापलेलं होतं, आणि सगळ्यांत खाली ईआयडी. बत्तीस आकडे. एकोणनव्वदनं सुरू होणारे.

मग तिची नजर वर गेली. खोक्यावरचा आयएमईआय त्र्याहत्तर सोळानं संपत होता. फोनमधला शून्य नऊ बेचाळीसनं. आयएमईआय म्हणजे फोनचा आधार नंबर. दोन फोनांचा एक कधी नसतो आणि एका फोनचा कधी बदलत नाही.

तिनं फोन उलटा केला. डाव्या कोपऱ्यावर बारीक तडा, लग्नाच्या वाढदिवसाला तिच्याच हातून पडलेला. बटणाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका, तिनंच दिलेला. फोन तिचाच होता, शंकाच नाही.

अंग तेच होतं. आत दुसरंच कुणीतरी बसलं होतं.

२

फोन एकदाच दुरुस्तीला गेला होता. दीड वर्ष होत आलं. रेवती बाळंतपणाला माहेरी, जवळा बाजारला होती. अनू महिन्याची. एका सकाळी न्हाणीतल्या पाण्याच्या पिंपात फोन सापडला, तळाशी. आपणच कठड्यावर ठेवून विसरलो, असं रेवतीनं धरून चाललं. त्या दिवसांत तिला जेवल्याचंही आठवत नसे. धाकटा दीर चिन्मय भेटायला आला होता. परत जाताना त्यानं फोन सासरच्या गावी, वसमतला, प्रेमदासच्या दुकानात टाकला. तिसऱ्या दिवशी फोन परत आला तो कोरा होऊन. सोबत प्रेमदासच्या चिठ्ठीत निरोप एवढाच, की पाणी आत गेलं, फोटोबिटो सगळं गेलं.

रेवती दोन दिवस रडली. घरच्यांना वाटलं, अनूच्या पहिल्या महिन्याचे फोटो गेले म्हणून.

ते खरं नव्हतं.

अनूच्या आधी एक मुलगा झाला होता. आठव्या महिन्यात, घाईघाईनं. नांदेडच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत नऊ दिवस राहिला आणि गेला. बारसं बाराव्या दिवशी असतं, त्यामुळे त्याला नावही नव्हतं. होते ते एकेचाळीस फोटो आणि एकोणीस सेकंदांचा एक व्हिडिओ, जांभई देतानाचा. सासूबाई म्हणाल्या होत्या, "गेलेल्या लेकराचा फोटो घरात ठेवू नये, पुढच्याला ओढ लागते." रेवती एम.एस्सी. झालेली, असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरी सगळ्यांच्या देखत तिनं एकेक फोटो काढून टाकला, कारण वाद घालायला अंगात बळ नव्हतं.

मात्र आदल्या दुपारीच त्या सगळ्यांची एकेक प्रत तिनं फोनमधल्या कुलपाच्या कप्प्यात टाकून ठेवली होती. तो कप्पा पिन दिल्याशिवाय उघडत नाही, आणि त्यातलं काही आपणहून इंटरनेटवर साठवलं जात नाही. जगात दुसरी प्रत नव्हती.

आणि आता कळत होतं, की फोनच्या पोटातला बोर्डच बदललाय. फोटो बोर्डात असतात. मग जुना बोर्ड कुठे आहे?

तिनं अनूला कडेवर घेतलं आणि चपला शोधत बसली. त्या पायातच होत्या.

प्रेमदास मोबाईलचं दुकान मोंढ्याच्या रस्त्याला. हळदीचा हंगाम, सगळा रस्ता पिवळ्या धुरळ्यानं माखलेला. प्रेमदास कपाळावर भिंग चढवून टोकदार काडीनं एका फोनचं चार्जिंगचं भोक कोरत होता.

"हळद," तो वर न बघता म्हणाला. "वसमतातले आर्धे फोन हळदीनं मरून राहिले ताई. माणसाला गुणकारी, फोनला जहर. बोला, काय तकलीफ?"

रेवतीनं फोन पुढे ठेवला.

"हा तर बराबर चालून राहिला की."

मग तिनं शेजारी खोका ठेवला. चिठ्ठीची बाजू वर करून. प्रेमदासनं चिठ्ठी वाचली, फोनवर आकडे दाबले, आणि हातातली काडी खाली ठेवली. दुकानात एक गिऱ्हाईक चार्जर बघत होतं, त्याला म्हणाला, "दादा, जरा चहा पिऊन या."

"पाण्यानं बोर्ड मेला होता ना?" रेवतीनं विचारलं. "तसाच निरोप दिला होतात तुम्ही."

प्रेमदासनं भिंग कपाळावरून काढून पुसलं. भिंग स्वच्छच होतं.

"खोटं बोललो ताई," तो म्हणाला. "बोर्ड मेला न्हाई. जिता होता. दोन घंट्यांत सुरू केला होता मी."

३

रेवती स्टुलावर बसली. अनूनं टेबलावरचा स्क्रू उचलून तोंडाकडे नेला. रेवतीनं न बघताच तो तिच्या मुठीतून काढून घेतला.

"विकलात?"

"अरे बाप रे!" प्रेमदास उठून उभा राहिला. "ताई, हे न्हाई बोलायचं. जुना माल आमी गिऱ्हाइकाच्या हातात देतो. मेलेली बॅटरीसुद्धा. ही रीतच आहे इथली. न्हाई तर लोक म्हणतात, ओरिजनल काढून घेतलं आन् डुप्लिकेट बसवलं. तुमचा बोर्ड मी औषधाच्या पुडीत घालून हातात दिला."

"कुणाच्या?"

"ते न्हाई सांगणार. शबद दिला."

"माझा फोन, माझा बोर्ड, आणि तुम्ही शब्द कुणाला देता?"

"तुमी ओरडा, तुमचा हक्क आहे. पण ऐका तरी." तो पुन्हा बसला. "फोन तुमच्या दिरानं आणून दिला शनिवारी. घ्यायला मात्र सोमवारी दुसरंच माणूस आलं. मी खूश, म्हणलं, सुरू झाला बघा, डाटा सगळा सलामत. तर मला सांगितलं, सगळं पुसून टाक. म्हणलं, एका मिनिटाचं काम. बटनं दाबली, शेवटचं बटन राहिलं, आन् माझा हात धरला, असा, मनगटाला. 'नको. पुसू नको. त्यात लेकरू आहे.'"

रेवती स्टुलावर पुढे सरकली.

"मग?"

"मग काय! पुसूबी नको, आन् तिला देऊबी नको, असं म्हणणं. मी म्हणलं, असं कसं जमायचं? तेवढ्यात आठवलं, माझ्याकडं याच मॉडेलचा एक भंगार फोन पडला होता, कुणीतरी बाहेरदेशातून आणलेला. तिकडच्याला दोन कार्डं बसतात, ई-सिम नसतं. त्याचा बोर्ड तुमच्याला घातला. दीड वरीस कुणाला पत्ता न्हाई. हे ई-सिम काहून काढलंत तुमी, काय माहीत!"

"ते माणूस परत आलं, तर ओळखाल?"

"ओळखीन. पण सांगणार न्हाई," प्रेमदास म्हणाला, आणि अनूच्या हातात एक बिनकामाचं फोनचं कव्हर दिलं. "तुमी शिकलेल्या आहात ताई. तुमीच काढा."

४

जेवणं झाल्यावर रेवतीनं खोका ओट्यावर ठेवला. चिन्मय ताक पीत होता. सासूबाई अनूला भात भरवत होत्या.

"चिन्मय, पाण्यात पडलेला माझा फोन दुकानातून कुणी आणला होता?"

"दादानं," चिन्मय लगेच म्हणाला.

"तू नाहीस?"

"मी गेलो होतो ना मंगळवारी. प्रेमदास म्हणाला, घेऊन गेले. मला वाटलं, दादा." तो थांबला. तिचा चेहरा बघून त्यानं पेला खाली ठेवला. "वहिनी, असं काय बघता? मी काय चोर आहे का?"

त्याच महिन्यात चिन्मयनं नवा फोन घेतला होता. दुपारपासून ते रेवतीच्या डोक्यात कुसळासारखं टोचत होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण नजर काही हलली नाही.

अनिरुद्धला विचारलं, तर तो म्हणाला, "मी त्या आठवड्यात हैदराबादला ट्रेनिंगला होतो. मला वाटलं, चिन्मयनं आणला." जवळा बाजारला फोन लावला, तर बाबा, दत्तोपंत, म्हणाले, "मला तो बाजेवर दिसला गं. मी उचलून तुझ्या हातात दिला. चिन्मयरावच ठेवून गेले असतील."

प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं आणला. तीन पुरुष, आणि फोन जणू आपल्या पायांनी चालत घरी आला होता.

राहिल्या सासूबाई. रेवती त्यांच्याकडे वळली.

"आई, त्या फोनमध्ये पहिल्याचे फोटो होते. कुणीतरी ते मुद्दाम काढून घेतले."

सासूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. अनू तोंड उघडून वाट बघत होती.

"कसले फोटो?" त्या म्हणाल्या. "तू तर सगळे काढून टाकलेस ना? माझ्यासमोर. मी मोजत होते." मग घास ताटात पडला. "म्हणजे… होते? इतके दिवस होते?"

"होते."

"अगं, मग मला एकदा…" त्यांनी ओठ आवळले. पदर डोळ्यांना लावला आणि तशाच उठून आत गेल्या. मागून चिन्मय हळूच म्हणाला, "वहिनी, ते फोटो काढ म्हणाली तेव्हापासून रडतेय आई. तुम्हाला दिसू देत नाही एवढंच."

रेवतीला जिच्यावर सगळ्यांत जास्त संशय होता, ती बाई दाराआड नाक ओढत होती. आणि ते रडणं खोटं नव्हतं.

५

सकाळी अनूच्या वरणभातात तूप कालवताना रेवतीचा हात मध्येच थांबला.

ती कालपासून चुकीचा प्रश्न विचारत होती. फोन कुणी आणला, कोण कुठे होतं, कुणाला काय मिळालं. हे सगळं सोडा. चोरानं प्रेमदासचा हात धरला आणि म्हटलं, त्यात लेकरू आहे. त्यात लेकरू आहे हे माहीत कुणाला होतं?

सासूबाईंना नाही. त्यांनी स्वतः मोजून पुसलेलं पाहिलं होतं. चिन्मय त्या वेळी शेजारीच उभा होता, म्हणजे त्यालाही नाही. अनिरुद्धला तिनं कधी सांगितलं नव्हतं; तो कळवळला असता आणि आईला बोलून बसला असता. प्रेमदासकडे पिन नव्हता. जी वस्तू आहे हेच ठाऊक नाही, ती कोण चोरणार? आणि पुसू नको म्हणून हात कोण धरणार?

ती तो कप्पा उघडायची फक्त दुपारी, सगळे निजल्यावर, भिंतीकडे तोंड करून. बाळंतिणीच्या खोलीत तेव्हा एकच माणूस येऊन जाऊन असे.

रेवतीनं भाताची वाटी बाजूला ठेवली. नाही, नाही, नाही. तिनं फोन उचलला आणि जवळा बाजारच्या शेजारणीला, चंदाबाईला लावला.

"चंदामावशी, मी महिन्याची बाळंतीण होते, तेव्हा एकदा तुम्ही माझ्यापाशी बसला होतात. आठवतंय?"

"का न्हाई आठवणार? सोमवार व्हता. तुजी माय दोन घंटे म्हनून गेली आन् चार घंट्यांनी आली. माजी भाकर करायची राहिली त्या दिशी!"

"कुठे गेली होती?"

"वसमतला. बाळंतशेपा आणाया." चंदाबाई हसली. "म्या म्हनलं, बाई गं, बाळंतशेपा आपल्या बाजारात पोत्यानं पडलाय, त्याच्यासाठी एस्टीत काहून बसतीस? तर काही बोलली न्हाई. आन् आणला तो बी आपल्याच वाण्याच्या पुडीतला. म्या पुडी वळखली की!"

रेवतीनं फोन ठेवला. बाळंतपणाच्या सव्वा महिन्यात आईनं तिला एकदाच सोडलं होतं. एकदाच.

एस्टी साडेअकराची होती.

६

"एवढ्या उन्हात लेकरू घेऊन आलीस?" दत्तोपंतांनी चष्म्यावरून बघत विचारलं. ते बाजार समितीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. ओसरीवर बसून पेपरातल्या चुका लाल पेननं दुरुस्त करण्यात त्यांची सकाळ जाई. "अनूबाई, या. बघा, यांना 'विद्युत' लिहिता येत नाही."

अनूला त्यांच्याजवळ ठेवून रेवती स्वयंपाकघरात गेली. तिची आई तारा पोळ्या लाटत होती. मुलीकडे एकदा पाहिलं आणि तिनं गॅस बंद केला. तव्यावर अर्धी भाजलेली पोळी तशीच राहिली.

"प्रेमदासनं सांगितलं?"

"नाही. त्यानं शब्द पाळला." रेवतीचा आवाज चिरकला. "आई, तू? सासूबाई बोलल्या, सगळे बोलले, तू एकटी कधी बोलली नाहीस. मला वाटायचं, आईला कळतंय. आणि तूच नेलंस त्याला? दीड वर्ष मी स्वतःला शिव्या घालतेय, की फोन कठड्यावर ठेवला म्हणून…"

"कठड्यावर नव्हता. उशाखाली होता तुझ्या," तारा म्हणाली. "पाण्यात मीच टाकला."

रेवतीनं ओट्याची कड धरली.

"तुला फोटो आहेत हे कसं कळलं?"

"आईला काय सांगावं लागतं? अनू पलीकडे माझ्या मांडीवर असायची आणि तू फोन बघायला लागलीस की तुझं पोलकं भिजायचं. दुसऱ्या कुणाचे फोटो बघून दूध सुटतं का?" तारानं हातांचं पीठ झटकलं. झटकून झालं तरी झटकत राहिली. "ते मी चालू दिलं असतं गं. चालू देतच होते."

"मग काय झालं?"

"नको विचारूस."

"आई!"

तारा पाटावर बसली. "शुक्रवारची दुपार. मी कढीला फोडणी देऊन आत आले. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली, फोन छातीशी. आणि अनूच्या तोंडावर तुझी दुलई. सगळ्या तोंडावर. नुसते पाय हलत होते. आवाज नाही. मी दुलई ओढली. ओठ निळे पडले होते. उलटी धरली, पाठीत थापटलं, तेव्हा रडली." तिनं रेवतीकडे पाहिलं. "तू मान वळवलीस आणि मला म्हणालीस, 'आई, भूक लागली का गं तिला?'"

ओसरीवरून अनूचा हसण्याचा आवाज आला. आजोबा पेपर तोंडासमोर धरून बाजूला करत होते. रेवती तो आवाज ऐकत राहिली, जणू आता थांबेल, आता थांबेल. त्रेचाळीस कलमांची यादी करणारी, दोन थर्मामीटर घेणारी ती. तिला त्या दुपारचं काहीही आठवत नव्हतं. कढीचा वाससुद्धा नाही.

"मी?" ती म्हणाली. "माझ्या हातून?"

"तुझ्या हातून काही नाही. तू होतीस कुठे तिथे? तू त्या नांदेडच्या काचेसमोर उभी होतीस."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू तिला पुन्हा कुशीत घेतलं असतंस?"

रेवतीनं ओसरीकडे पाहिलं.

"म्हटलं, फोनच बुडवावा. पाण्यात सोडताना हात हलला नाही माझा. तर मेला चिन्मय नेमका आला आणि दुरुस्तीला घेऊन गेला! भीती वाटली, की नीट होऊन येईल. म्हणून मागे धावले. आणि तो पोरगा म्हणाला, पुसतो, एक मिनिट… तेव्हा नाही जमलं बाई. बुडवणं जमलं, पुसणं नाही जमलं."

तारा उठली. फळीवरून वासाच्या तांदळाचा पितळी डबा काढला, कोपरापर्यंत हात घातला. औषधाची पुडी वर आली. पुडीत पारलेच्या बिस्किटाएवढी हिरवी चकती, कापसात गुंडाळलेली.

"ओल लागू नये म्हणून तांदळात ठेवला," ती म्हणाली. "दर महिन्याला तांदूळ बदलते. तुझे बाबा म्हणतात, हे तांदूळ उन्हात का घालतेस सारखे?"

रेवतीनं चकती तळहातावर घेतली. नऊ दिवस एवढेसे होते. वजनच नव्हतं.

"आता एक सांगते, ते ऐक," तारा तिच्या मनगटाला धरून म्हणाली. "शुक्रवारी तू चाललीस. जावई दिवसभर कामावर. खोलीत तू, ती आणि हा. मध्ये दुलई ओढायला तिथे कोण आहे? ई-सिम नाही तर नाही, तिथे कार्ड मिळत असेल. घालू नकोस हा बोर्ड."

दारात चाहूल लागली. दत्तोपंत अनूला घेऊन उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, "हिला झोप आलीय," आणि कुणाकडे द्यावं हे न कळून तिथेच उभे राहिले.

रेवतीनं हात पुढे केले नाहीत. पहिल्यांदाच.

"आई," ती म्हणाली, "आजच माझ्याबरोबर वसमतला चल. सकाळी प्रेमदासकडे जाऊ."

७

प्रेमदासनं ताराला दुकानात शिरताना पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. "काकू, मी न्हाई सांगितलं! आईची आण!"

"माहीत आहे बाबा. माझी पोरगीच हुशार निघाली, तू काय करशील?"

गेल्या दीड वर्षाचं सगळं रेवतीनं रात्रीच लॅपटॉपवर उतरवून ठेवलं होतं. प्रेमदासनं फोन गरम करून उघडला, परका बोर्ड काढला, तांदळातला बसवला. चिमट्यानं एक कण उचलून बघितला. "काकू, आंबेमोहोर का?"

"वासाचा आहे. तू काम कर."

फोन चालू झाला. रेवतीनं जुना पिन घातला. बोटांना तो अजून पाठ होता. मग स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश. पांढरी चौकट उघडली. दोन आयएमईआय, आणि त्याखाली एकोणनव्वदनं सुरू होणारी लांबलचक ओळ.

"घ्या," प्रेमदास म्हणाला. "आले बत्तीस. आता जपानात काय, चंद्रावर बोला." आणि चहा सांगायचं निमित्त करून तो बाहेर गेला.

रेवतीनं अनूला उचलून आईच्या मांडीवर दिलं. नीट बसवलं. अनूचे दोन्ही हात आईच्या हातात दिले.

"आता तिच्याकडे तू बघ. मी हे बघते. आणि तिकडे गेल्यावरही असंच, आई. रविवारी अनिरुद्ध घरी असतो. अनू त्याच्या मांडीवर, तू व्हिडिओ कॉलवर, तेव्हाच हा कप्पा उघडायचा. एकटीनं नाही. तिथे पोचल्यावर पिन अनिरुद्धच बदलेल, मला नकोच तो. आज दुपारी त्याला सगळं सांगणार आहे. दुलईचंही."

तारानं मान हलवली, आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं.

रेवतीनं कप्पा उघडला. एकेचाळीस. सगळे होते. ती किती वेळ बघत राहिली तिला कळलं नाही. पण अनू कण्हली तेव्हा तिला ऐकू आलं. तिनं लगेच वर पाहिलं. अनू ठीक होती. तारा अजून रस्त्याकडेच बघत होती, मान अवघडेल इतकी वळवून.

"तू नाही बघत?"

"तुझं आहे ते."

"अगं, पण तू तर त्याला…" रेवती बोलता बोलता थांबली. काचेच्या खोलीत फक्त आईबापांना सोडायचे. तारा नऊ दिवस बाहेरच्या पायरीवर बसून होती. दहाव्या दिवशी पुरुष मंडळी त्याला घेऊन गेली, पांढऱ्या फडक्यात, तोंडावरून.

"आई. तू त्याला पाहिलंच नाहीस?"

जो चेहरा तारानं कधी पाहिला नव्हता, त्याच्यासाठी ती दीड वर्ष तांदूळ बदलत होती.

रेवतीनं फोन तिच्यासमोर धरला. तारानं पदरानं चष्मा पुसला. घातला. पुन्हा काढून पुसला.

"बाई!" ती म्हणाली. "केस किती गं याला!"

"डोईभर होते."

"आणि मी मेली टकला समजत होते." तिनं मान फोनजवळ नेली. "तीन वर्षं मी टकल्याचीच आठवण काढतेय."

अनूनं हात सोडवून पडद्यावर बोट मारलं. फोटो सरकला, दुसरा आला.

"अगं थांब की, भवाने!" तारा नातीवर ओरडली. "माझं बघून होऊ दे."